रिवाइंड, पण जरा जपून!

दिवाळीची साफसफाई, माळा आणि माळ्यावरून खाली आलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. हा सीन तुमच्याही घरी झाला असेलच. अशा डब्यात बिस्किटं कधीच नसतात. एकतर सुई-दोरा असतो, नाहीतर कॅसेट्स.

आमच्या डब्यात अकरा कॅसेट्स निघाल्या. लेबलांवर हिरव्या शाईत लिहिलेलं, 'मस्कत १', 'मस्कत २', 'अण्णा - गणपती ८९'. बाबा १९८८ ते १९९३ मस्कतला नोकरीला होते. ट्रंक कॉल परवडायचे नाहीत आणि पत्र पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी व्हायची. मग तिकडे जाणारं कुणी ओळखीचं भेटलं, की त्याच्या बॅगेत एक कॅसेट सरकवायची. चिपळूणच्या घरी सगळे टू-इन-वनभोवती गोल करून बसायचे, लाल बटण दाबायचे आणि बोलायचे. बाबा परत येताना त्या सगळ्या कॅसेट्स घेऊन आले.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते १९९४ मध्ये गेले, माझा जन्म १९९७ चा. म्हणजे आमची भेट झालेलीच नाही. त्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ आहे. आवाज मात्र फक्त या डब्यात.

डबा राहिला हेही नशीबच. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरात छातीभर पाणी होतं. शोकेसच्या खालच्या कप्प्यातल्या नाट्यसंगीताच्या, पुलंच्या, सिनेमाच्या सगळ्या कॅसेट्स चिखलात गेल्या. टू-इन-वनही गेला. माळ्यावरचा डबा तेवढा कोरडा राहिला. त्यानंतरही 'करू या ना कधीतरी डिजिटल' म्हणत आम्ही काही वर्षं काढलीच. शेवटी गेल्या दिवाळीत डबा मी पुण्याला घेऊन आले, आणि नव्वद टक्के लोक करतात तीच चूक पहिल्याच आठवड्यात केली.

दोन हजारांचा शॉर्टकट

ऑनलाइन 'कॅसेट टू एमपीथ्री' असं शोधलंत की पहिल्या पानावर जे दिसतं, तेच मी मागवलं. वॉकमनसारखी डबी, तिला यूएसबीची वायर, किंमत दोन हजारांच्या आत. कॅसेट टाका, वायर लॅपटॉपला लावा, झालं! जाहिरातीतली मुलगी तर नुसती हसत होती.

मी 'गणपती ८९' लावली. आवाज आला, पण कसा? पाण्याखालून आल्यासारखा, मध्येच गटांगळ्या खाणारा आणि चिरका. चिपळूणच्या आत्याला फोन स्पीकरवर टाकून ऐकवला. ती दहा सेकंद गप्प. मग म्हणाली, "अगं, हा अण्णांचा आवाजच नाही."

खरं सांगते, पोटात खड्डा पडला. त्यात पुढच्याच मिनिटाला त्या डबीने रीळ खाल्लं. पेन्सिल घालून, श्वास रोखून मी ते परत गुंडाळलं. दोन इंचांचा तुकडा कायमचा चुरगळला.

दोष त्या एका डबीचा नाही. कॅसेटची टेप हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने जावी लागते, न अडखळता. हा वेग धरून ठेवतं ते आतलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. आज नव्याने विकले जाणारे स्वस्त प्लेअर, वरून ब्रँड कुठलाही असो, आतून बहुतेक एकाच जुन्या साध्या यंत्रणेच्या नकला असतात. चाक हलकं, मोटर स्वस्त. वेग सतत कमी-जास्त होतो आणि कानाला आवाज लाटांवर तरंगल्यासारखा वाटतो. तंत्रज्ञ याला वॉव आणि फ्लटर म्हणतात. बोलण्यात हे एकवेळ खपून जातं, पण पेटीचा लांब सूर लागला की लगेच उघडं पडतं.

माझा सगळा हिशेब इथेच चुकला होता. 'डिजिटल' या शब्दाला भुलून मी यूएसबीकडे बघत होते. खरा पैसा आणि खरी अक्कल कॅसेट वाजवणाऱ्या मशीनवर लावायची असते. हेडने जे वाचलंच नाही, ते फाइलमध्ये कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसंच!

जुन्या बाजारात बासरी घेऊन

म्हणजे हवा काय? ऐंशी-नव्वदच्या दशकातला, म्युझिक सिस्टीमच्या रॅकमध्ये बसणारा फुल साइझ डेक. मागच्या बाजूला लाल-पांढरी लाइन-आउटची सॉकेट्स असलेला. असे डेक अजूनही लोकांच्या घरी शोपीस म्हणून पडून असतात, म्हणून आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाका. नाहीच मिळाला तर पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोरबाजार आणि सेकंडहॅण्ड वस्तूंच्या साइट्स आहेतच. साइटवरून घेणार असाल तर चालू स्थितीतला व्हिडिओ मागा, आणि तोही आवाजासकट.

मी रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले, तेव्हा बॅगेत बासरीची एक कॅसेट होती. हट्टाने बासरीच. ढोल-ताशात काहीही लपून जातं, बासरीचा ठेहराव मात्र मशीनची सगळी लबाडी बाहेर काढतो. सूर थरथरला की पुढच्या टपरीकडे. आणि टेस्टसाठी नेहमी गेली तरी चालेल अशीच कॅसेट न्या. आजोबांची नको!

दार उघडून आत बघा. टेप ओढणारा रबरी रोलर चकाकणारा, कडक किंवा तडे गेलेला नको. हेडवर नख फिरवून पाहा, खाच लागली तर डेक फार चालून झिजलेला आहे. बटणं दाबली जातायत, मोटरची घरघर येतेय, पण चाकं फिरत नाहीत? असं दिसलं तर उलट खूश व्हा आणि भाव पाडा. बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल पडलेला किंवा डांबरासारखा वितळलेला असतो, आणि बेल्ट बदलणं हे किरकोळ काम आहे. हेड झिजलं असेल किंवा आतले प्लॅस्टिकचे दाते तुटले असतील, तर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.

विकणारे 'थ्री हेड आहे मॅडम' म्हणून किंमत वाढवतात. तिसरं हेड रेकॉर्डिंग करताना कामाला येतं. आपल्याला फक्त वाजवायचंय, त्यामुळे त्याचे जादा पैसे देऊ नका. ऑटो-रिव्हर्सचाही मोह टाळा. त्यात बरेचदा हेडच गोल फिरतं, आणि इतक्या वर्षांनी ते दर वेळी अचूक जागी बसेल याची खात्री नसते. कॅसेट हाताने उलटी करण्यात कसला आलाय त्रास?

मला साडेतीन हजारांत सिंगल डेक मिळाला. तो रिक्षात मांडीवर घेऊन थेट तपकीर गल्लीत गेले. तिथल्या एका काकांनी बेल्ट बदलले, रोलर बदलला, हेड पुसलं आणि नऊशे रुपये घेतले. दुकानात कॅसेटवाली मुलगी आली म्हणून शेजारचे दोघं उठून बघायला आले होते, ते वेगळंच.

हेड आणि त्याच्या शेजारची बारीक लोखंडी दांडी साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड्स आणून ठेवा. जुनी टेप आपला तपकिरी थर मशीनवर सोडत जाते, म्हणून दर कॅसेटनंतर एक हात फिरवायचा. पहिला इअरबड किती काळा निघतो ते बघाच.

स्क्रूची करामत

हा भाग कुणीच सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. हेडमध्ये एक उभी चीर असते, ती टेपच्या चालीला बरोबर नव्वद अंशांत हवी. या कोनाला अॅझिमथ म्हणतात. टेप इतकी हळू चालते की दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावते. चीर केसाएवढी जरी तिरकी झाली तरी वरचे सूर पुसले जातात आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो.

गंमत अशी की, ज्या टू-इन-वनवर घरगुती रेकॉर्डिंग झालं त्याचंच हेड तिरकं असेल, तर ती कॅसेट चांगल्या डेकवर आणखी वाईट वाजते. म्हणून मूळ मशीन घरात जिवंत असेल तर ते भंगारात टाकू नका, आधी त्यावर वाजवून बघा. आमचं पुरात गेलं. तेव्हा मार्ग एकच, डेकचा कोन कॅसेटप्रमाणे जुळवून घ्यायचा. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. घड्याळजीकडे असतो तसला बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, स्क्रूची आधीची जागा पेनने खुणेसाठी लिहून ठेवायची, आणि कॅसेट चालू असताना अगदी हळू, पाव फेऱ्याच्या आत इकडे-तिकडे करायचं. कान 'स' आणि 'श' वर ठेवायचे. एका क्षणी ती अक्षरं धारदार होतात, तीच जागा.

मी अर्धा तास खाटखुट केल्यावर हेडफोनमध्ये अचानक "शिरगावचे" हा शब्द स्वच्छ ऐकू आला, आणि मागे कोंबडा आरवला. पस्तीस वर्षांपूर्वीचा कोंबडा! खुर्चीतून उडायचे बाकी होते. (नाकामिचीने १९८२ मध्ये ड्रॅगन नावाचा डेक काढला होता, तो हा कोन आपला आपण जुळवायचा. आज त्याची किंमत ऐकून कोंबडाच काय, आपणही आरवू.)

डॉल्बीचं बटण घरगुती कॅसेट्ससाठी बंद ठेवा. टू-इन-वनवर सहसा डॉल्बी नसायचीच. कंपनीच्या कॅसेटवर ती खूण छापलेली असेल तरच चालू करा.

लॅपटॉपशी गाठ

हे त्यामानाने सोपं आहे. डेकची वायर थेट लॅपटॉपच्या भोकात घालू नका. ते हेडसेटच्या माइकसाठी असतं. एकतर मोनो, वर लाइनचा जोरदार सिग्नल त्याला झेपत नाही. मध्ये स्टिरिओ लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावायचा. बेरिंजरचा यूसीए-२०२ हा त्यातला साधा, लाल-पांढरी सॉकेट्स असलेला नग. तो १६ बिटवर थांबतो, पण कॅसेटच्या मुळातल्या खरखरीपुढे १६ बिटही पुरून उरतात. २४ बिटचा कुठलाही इंटरफेस मित्राकडे असेल तर उत्तम, लेव्हल लावताना जरा निवांतपणा मिळतो. पन्नास हजारांची यंत्रं इथे लावणं म्हणजे वरणभाताला केशर.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट. ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी लेव्हल ठेवायची. ६० मिनिटांच्या कॅसेटची २४ बिटमध्ये साधारण एक जीबीची फाइल होते. एमपीथ्री नंतर, व्हॉट्सअॅपवर पाठवण्यापुरती. खरखर काढायचा मोह आवरा. काढायचीच तर कॉपीवर काढा, मूळ फाइल जशी आली तशी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

आणि हो, हे सगळं रिअल टाइममध्ये चालतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. म्हणूनच आधी निवड करा. सिनेमाची गाणी, गाजलेले अभंग हे सगळं तुमच्या फोनवर याहून चांगल्या दर्जात आहे, त्यावर रविवार घालवू नका. बारशाचं रेकॉर्डिंग, गल्लीतल्या भजनी मंडळाची कॅसेट, आईने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हटलेलं गाणं, यांची दुसरी प्रत जगात नाही. सुरुवात तिथूनच.

वेळ नसेल तर कन्व्हर्ट करून देणारे स्टुडिओ शहरात आहेत. त्यांना फक्त दोन प्रश्न विचारा. कुठल्या डेकवर वाजवणार? वेव्ह फाइल देणार का? पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून ती दोन हजारांची डबी दाखवली, तर नमस्कार करून निघा. पुरात भिजलेल्या, पांढरी बुरशी धरलेल्या कॅसेट्स मात्र स्वतः वाजवूच नका. बुरशी मशीनला लागते आणि पुढच्या कॅसेटकडे जाते. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि असं काम जाणणाऱ्याच्याच हातात द्या.

वाजवण्याआधीच्या दोन सवयी लावून घ्या. मागच्या बाजूच्या दोन छोट्या टिकल्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजोबांच्या आवाजावर तुमचा आवाज चढणार नाही. आणि कॅसेट एकदा टोकापासून टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं रीळ मोकळं होतं. आतली छोटी फेल्टची गादी निखळली असेल तर आवाज येतो-जातो. कवचाला स्क्रू असतील तर ते उघडून टेप दुसऱ्या, स्क्रूवाल्याच रिकाम्या कवचात बसवता येते. चिकटवलेलं कवच असेल तर धीर आणि पातळ पातं लागतं. नव्वदच्या कॅसेट्सची टेप साठच्या कॅसेट्सपेक्षा पातळ असते, एकशेवीसची तर त्याहून, तेव्हा हात हलका ठेवा.

घड्याळाची साक्ष

एवढं सगळं झालं. गटांगळ्या थांबल्या, शब्द कळायला लागले. पण अण्णा अजूनही चिरकेच! आत्याचं म्हणणं कायम होतं, "अण्णांचा आवाज जाड होता गं."

आधी डेकवर संशय घेतला. तो तपासायला एक सोपी युक्ती आहे. कंपनीची कॅसेट लावायची, तेच रेकॉर्डिंग फोनवर शोधायचं आणि गाण्यातल्या त्याच दोन जागांमधला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. कॅसेटवर पाच मिनिटांऐवजी ४ मिनिटं ५१ सेकंद लागली तर डेक तीन टक्के पळतोय. बहुतेक मोटरना मागे वेग बदलायचं छोटं भोक असतं. माझा डेक मात्र अगदी बरोबर निघाला.

मग बाबांच्या लक्षात आलं. चिपळूणला तेव्हा सारखे लाइट जायचे. टू-इन-वन सेलवर चालायचा. सेल उतरले की मोटर मंदावते, रेकॉर्डिंग हळू वेगाने होतं, आणि मग ते बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवलं की माणूस भराभर आणि बारीक आवाजात बोलतो. म्हणजे चूक कॅसेटमध्येच भरलेली होती. पण किती, हे कळणार कसं?

टू-इन-वनमध्ये माइकची लेव्हल आपोआप वाढायची. बोलणारा थांबला की मशीन कान टवकारायचं आणि मागचं सगळं टिपायचं. अण्णा दोन वाक्यांमध्ये थांबत, तेव्हा मागे टिकटिक ऐकू येत होती. भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ! पुराचं पाणी त्याच्या खालीच थांबलं होतं, ते अजून चालतं. आठवड्याला दोन-चार मिनिटं मागे पडतं, पण आपल्या या हिशेबात तेवढ्याने काही बिघडत नाही.

आत्याने त्याला किल्ली दिली आणि फोनवर मिनिटभर टिकटिक रेकॉर्ड करून पाठवली. स्क्रीनवर दोन्ही फाइल्स एकाखाली एक ठेवल्या. खऱ्या घड्याळाच्या दहा ठोक्यांना पाच सेकंद. कॅसेटमधल्या दहा ठोक्यांना ४.७. म्हणजे सुमारे सहा टक्के, जवळजवळ अख्खी एक पट्टी वर! सुरुवातीला फरक कमी, शेवटाकडे जास्त, कारण सेल उतरतच गेले असणार. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाचा वेग वेगळा लावला. वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरायचा. नुसता सूर बदलणारा वापरला तर बोलण्याची घाई तशीच राहते.

रात्री साडेअकराला आत्याला परत फोन लावला. फाइल सुरू झाली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला. अजून एक शब्दही झाला नव्हता, आणि पलीकडून आत्या म्हणाली, "अण्णा."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघं फोनवर काही न बोलता ऐकत होतो. अण्णा नारळाचा भाव सांगतात. शिरगावचे कोण ते जमिनीच्या कामात कसा वेळ काढतायत ते सांगतात. गणपतीला बाबांच्या नावाने जास्वंदीचं फूल वाहिलं, हे सांगताना जरा थांबतात, आणि घड्याळ ऐकू येतं. बी साइडच्या शेवटी म्हणतात, "आणि एक सांगायचं राहिलं," आणि तिथेच टेप संपते. खट्!

मी बाबांना विचारलं, काय होतं ते? त्यांना आठवत नाही. म्हणाले, पुढच्या कॅसेटमध्ये असेल. सहा झाल्या आहेत, पाच राहिल्या आहेत. सातवी शनिवारी लावणार आहे. अल्कोहोल संपलंय, ते तेवढं आणायचंय.